अ‍ॅनी आल्बर्सचे निनावी गुरू

विणकामावर विसाव्या शतकात जी मोजकी महत्त्वाची पुस्तके लिहिली गेली, त्यांत अ‍ॅनी आल्बर्सच्या 'ऑन वीव्हिंग'चे नाव घ्यावेच लागते. ते १९६५ मध्ये अमेरिकेत निघाले. २०१७ मध्ये प्रिन्स्टन विद्यापीठाच्या प्रकाशनसंस्थेने त्याची वाढवलेली आवृत्ती काढली; माझ्याकडे आहे ती ही. पुस्तकाची अर्पणपत्रिका एका वाक्याची आहे. बर्लिनच्या श्रीमंत घरात जन्मलेली, जर्मनीच्या बाउहाउसमध्ये शिकलेली, अमेरिकेत नावारूपाला आलेली ही बाई आपले पुस्तक प्राचीन पेरूच्या विणकरांना अर्पण करते आणि त्यांना आपले गुरू म्हणते. बाउहाउसचे संस्थापक वॉल्टर ग्रोपियस नाहीत, तिथे शिकवणारे पॉल क्ले नाहीत, स्वतः मोठा चित्रकार असलेला नवरा योझेफ आल्बर्सही नाही.

हे वाचून मला प्रथम संशय आला. मेलेले गुरू सोयीचे असतात. ते शिष्याची चूक काढत नाहीत, दक्षिणा मागत नाहीत, आणि शिष्याच्या नावाने प्रदर्शन लागले तर आमचेही नाव घाला असे म्हणत नाहीत. शिवाय पाश्चात्त्य आधुनिक कलेत हे आधी घडून गेलेले आहे. आफ्रिकेचे मुखवटे असोत की पॅसिफिक बेटांवरची लाकडी शिल्पे, त्यांतून घेणाऱ्यांची नावे कलेच्या इतिहासात राहिली आणि देणाऱ्यांची नावे कोणी विचारली नाहीत. आल्बर्सचे प्रकरण याच जातीचे आहे की वेगळे, हे पाहण्यासाठी मी तिच्या मागे लागलो. त्याला आता सहा-सात वर्षे झाली.

विषयाशी माझा संबंध घरचा आहे. आम्ही कोष्टी. वडिलांनी माग सोडून एस.टी.त नोकरी धरली. पण धाकटे काका, ज्यांना आम्ही नाना म्हणतो, येवल्यात पन्नासहून अधिक वर्षे पैठणी विणत होते. चित्रे पाहायला मी पुस्तकांतून, एकट्याने शिकलो. कापड पाहायला नानांनी शिकवले, तेही माझी पन्नाशी उलटल्यावर. या लेखात विणीविषयी जे काही नेमके आले असेल ते त्यांचे आहे.

०

अ‍ॅनेलिझे फ्लायशमान हे तिचे माहेरचे नाव. जन्म १८९९, बर्लिन. वडिलांचा फर्निचरचा धंदा, आई उलस्टाइन या बड्या प्रकाशन घराण्यातली. एरिश मारिया रेमार्कची युद्धविरोधी कादंबरी 'ऑल क्वाएट ऑन द वेस्टर्न फ्रंट' मराठी वाचकांना माहीत आहे. ती १९२९ मध्ये पुस्तकरूपाने काढली ती याच उलस्टाइनच्या एका शाखेने. घराणे ज्यू, पण धर्माचरण जवळजवळ नाही. अ‍ॅनीचा तर प्रॉटेस्टंट पंथात बाप्तिस्मा झालेला. म्हणजे 'सांस्कृतिक वारसा' या आजच्या शब्दाने तिच्या तरुणपणी तिला काही विचारले असते, तर तिला उत्तर देता आले नसते. तिच्या घरचा खरा वारसा असलाच तर तो छापील अक्षरांचा होता. ही गोष्ट पुढे उपयोगी पडणार आहे.

१९२२ मध्ये ती वायमारला बाउहाउसमध्ये दाखल झाली. १९१९ च्या जाहीरनाम्यात या संस्थेने वय किंवा स्त्री-पुरुष असा भेद न करता प्रवेश देण्याचे वचन दिले होते. पण मुली अपेक्षेपेक्षा जास्त आल्या, तेव्हा आधुनिकतेच्या या पुढाऱ्यांची गडबड उडाली आणि मुलींना शक्यतो विणकामाच्या कार्यशाळेकडे वळवण्याचे धोरण ठरले. अ‍ॅनीला काचेचे काम शिकायचे होते. विणकाम तिला नेभळट, बायकी वाटे. दुसरीकडे जागा नव्हती म्हणून ती मागावर बसली.

नानांना मी एकदा विचारले होते, "नाना, तुम्ही मागावर का बसलात?"

त्यांना प्रश्नच कळला नाही. "का म्हणजे? दुसरीकडं कुठं बसणार होतो?"

बर्लिनच्या उच्चभ्रू मुलीला आणि येवल्याच्या कोष्ट्याच्या पोराला एकाच मापाने मोजता येत नाही, हे मला कळते. तिला नंतर निघून जाता आले असते; नानांना तसे दार नव्हते. तरीही दोघांच्या बाबतीत माग ही निवड नव्हती, नेमणूक होती: एकीची स्त्री म्हणून, दुसऱ्याची जात म्हणून. वारशाविषयी आपण अलीकडे फार हळवे होऊन बोलतो. हातमागाच्या प्रदर्शनांतून 'पिढ्यान्‌पिढ्या जपलेली कला' असे फलक लागतात. पिढ्यान्‌पिढ्या दुसरे काही करू दिले नाही, हे त्याच फलकाच्या मागच्या बाजूला लिहायला हवे.

या नेमणुकीचे आल्बर्सने काय केले? तिने विणीकडे बांधकाम म्हणून पाहिले. कापडावरची नक्षी म्हणजे वरून चढवलेली शोभा, असे तिने कधी मानले नाही. उभा आणि आडवा धागा एकमेकांना कसे अडवतात आणि कसे वाट देतात, त्यातूनच रूप निघाले पाहिजे, हा तिचा आग्रह. १९३० मध्ये तिला पदविका मिळाली ती एका भिंतीच्या कापडासाठी. बर्लिनजवळ बेर्नाउ येथे कामगार संघटनांची प्रशिक्षण शाळा बांधली जात होती. तिच्या सभागृहात आवाज घुमू नये आणि उजेडही कमी पडू नये म्हणून तिने असे कापड केले, ज्याची एक बाजू आवाज शोषून घेई आणि सेलोफेन विणलेली दुसरी बाजू प्रकाश परतवी. त्या कापडात कोणाची ओळख नाही, कोणाचा वारसा नाही. बाउहाउसच्या दृष्टीने तेच त्याचे यश होते.

१९३३ ने हे सगळे उलटवले. नाझींच्या दबावाखाली बाउहाउस बंद पडले. नव्या कायद्यांना बाप्तिस्मा दिसत नव्हता, आजी-आजोबा दिसत होते. जिने स्वतःला कधी ज्यू म्हणून ओळखले नव्हते तिची ओळख सरकारने ठरवून टाकली. पुढच्या वर्षी उलस्टाइन कंपनी घराण्याच्या हातातून काढून घेतली गेली. त्याआधीच, १९३३ च्या नोव्हेंबरात, आल्बर्स जोडपे अमेरिकेला पोचले होते. नॉर्थ कॅरोलायनात ब्लॅक माउंटन कॉलेज नावाची छोटी, प्रयोगशील संस्था नुकतीच निघाली होती. तिथे योझेफला चित्रकलेची आणि अ‍ॅनीला विणकामाची जागा मिळाली, आणि १९४९ पर्यंत दोघे तिथे राहिले.

०

अमेरिकेत आल्यावर दोन वर्षांत ती मेक्सिकोला गेली आणि मग जातच राहिली. मेक्सिको आणि दक्षिण अमेरिका मिळून अशा फेऱ्या डझनाहून अधिक झाल्या. ओआहाका प्रांतातल्या मोन्ते आल्बान येथे अल्फोन्सो कासो यांना १९३२ मध्ये थडगे क्रमांक ७ सापडले होते. त्यातले सोने, स्फटिक आणि शिंपल्यांचे दागिने पाहून आल्बर्सने अलेक्झांडर रीड या विद्यार्थ्याच्या साहाय्याने दागिने केले, ते मोरीची जाळी, कागदाच्या पिना आणि वॉशर वापरून. मला तिच्या सगळ्या कामात हे दागिने विशेष आवडतात. जुन्या वस्तूची नक्कल करायची नाही, तिचा कित्ता घ्यायचा, म्हणजे काय, ते यात स्वच्छ दिसते. सोन्याच्या जागी सोनेच पाहिजे असे नाही. साध्या वस्तूकडे सोन्याइतके लक्ष दिले म्हणजे झाले.

पेरूची जुनी कापडे तिला नवी नव्हती. बर्लिनच्या मानववंशशास्त्र संग्रहालयात त्यांचा मोठा साठा होता आणि बाउहाउसच्या विणकर मुलींना त्यांचे आकर्षण होते. अमेरिकेत मात्र ती स्वतः तुकडे जमवू लागली, विद्यार्थ्यांपुढे ठेवू लागली. तिने आपल्या विद्यार्थ्यांना आधी कमरेच्या मागावर बसवले. एक टोक झाडाला किंवा खांबाला बांधलेले, दुसरे विणणाऱ्याच्या कमरेच्या पट्ट्याला. अंग मागे रेलले की ताणा ताठ, पुढे झुकले की ढिला. आपल्याकडे मणिपूर-नागालँडमध्ये बायका अशाच मागावर विणतात. विणणाऱ्याचे शरीर हाच यंत्राचा एक भाग असतो.

या साध्या साधनावर अँडीज पर्वताच्या लोकांनी जे केले, ते पाहून नानांसारखा माणूसही गप्प झाला. पेरूच्या किनाऱ्यावर पाराकास येथे हुलिओ तेयो यांच्या पथकाला १९२७ मध्ये प्रेतांची चारशेहून अधिक गाठोडी सापडली. वाळवंटाच्या कोरड्या हवेत दोन हजार वर्षांची वस्त्रे रंगांसकट टिकली होती. कापूस किनाऱ्याचा, लोकर डोंगरावरच्या अल्पाका-लामा या जनावरांची. त्या प्रदेशात कापड सहसा कापत नसत. हवे त्या मापाचे, चारही बाजूंना पक्क्या कडा असलेले वस्त्र मागावरूनच उतरे. आणि एक प्रकार असा की त्यात आडवा धागा तर मध्येच रंग बदलतो, पण उभाही बदलतो. हे मी नानांना सांगितले तेव्हा ते म्हणाले, "ताणा मध्येच कसा तुटंल? मग ताणायचा कशाला?" मी चित्र दाखवले आणि वाचलेले समजावून सांगितले: मध्ये तात्पुरते आडवे दोरे बांधून घेतात, त्यांना अडकवून निरनिराळ्या रंगांचे ताणे भरतात, शेजारचे ताणे एकमेकांत गुंतवतात आणि काम झाले की तात्पुरते दोरे ओढून काढतात. नानांनी चित्र बराच वेळ जवळ धरले. मग म्हणाले, "आपल्या मागावर हे नाही व्हायचं." त्यांच्या तोंडून मी हे वाक्य दुसऱ्या कोणत्याही कापडाविषयी ऐकलेले नाही.

इंका राज्यात कापडाचे मोल सोन्याहून अधिक होते, हे मानववंशशास्त्रज्ञ जॉन मुर्रा यांनी १९६२ च्या एका निबंधात पुराव्यानिशी मांडले. सैनिकांना, सरदारांना, जिंकलेल्या मुलखाच्या प्रमुखांना राजा वस्त्रे देई. देवांपुढे वस्त्रे जाळली जात. एवढे कापड यायचे कुठून? प्रत्येक घराकडून विणकामाची वेठ घेतली जाई. शिवाय लहानपणीच मुली निवडून, घरापासून तोडून, बंदिस्त वाड्यांत ठेवल्या जात आणि त्या आयुष्यभर राज्यासाठी उत्तम प्रतीचे वस्त्र विणीत. त्यांना अक्ल्या म्हणत, म्हणजे 'निवडलेल्या'. आल्बर्सच्या गुरूंमध्ये या अक्ल्याही आहेत. म्हणजे नेमणूक तिथेही होतीच.

या लोकांकडे आपण ज्याला लिपी म्हणतो तशी लिपी नव्हती. हिशेब आणि नोंदी दोरांच्या गाठींत ठेवल्या जात. त्या दोरांच्या जुडग्याला खिपू म्हणतात. त्यातले दशमान गणित लेलंड लॉक यांनी १९१२ मध्ये उलगडले. आल्बर्सच्या मनाने जे पकडले ते हे, की एक मोठी संस्कृती अक्षरांवाचून धाग्यावर चालली.

आपल्याकडे या ठिकाणी सूत आणि सूत्र, ग्रंथ आणि गाठ अशा व्युत्पत्ती काढायचा मोह होतो. दिवाळी अंकांतून हे इतक्यांदा वाचले आहे की मी तो टाळतो. शब्दांचे मूळ एक असले म्हणून विणणाऱ्याला लिहिता येत होते असे होत नाही. नानांना सही करायला वडिलांनी शिकवले, तेही बँकेत खाते काढायचे म्हणून.

०

१९३६ मध्ये आल्बर्सने दोन चित्रकापडे विणली. 'मोन्ते आल्बान'मध्ये त्या टेकडीवरच्या पायऱ्या आणि चौथरे यांच्या रेषा धाग्याने फिरताना दिसतात. 'एन्शन्ट रायटिंग', म्हणजे प्राचीन लेखन, यात गडद जमिनीवर निरनिराळ्या विणीचे चौकोनी तुकडे अक्षरांच्या ठशांसारखे मांडलेले आहेत. इतिहासाच्या दृष्टीने ही दोन्ही कामे महत्त्वाची. तिचा वापराच्या कापडाकडून कलाकृतीकडे जाणारा रस्ता इथे सुरू होतो. पण मला ती अजून पाहुण्यासारखी वाटतात. विशेषतः दुसऱ्यात 'प्राचीन लेखन' हे विषय म्हणून आले आहे, गरज म्हणून नाही. पुरातन अक्षरांचा आभास आहे. काय लिहायचे होते, ते नाही. माझ्या सुरुवातीच्या संशयाला ही कामे पुरेपूर वाव देतात. ती पाहून मी थांबलो असतो, तर हा लेख वेगळा झाला असता.

काय लिहायचे होते ते तीस वर्षांनी आले.

१९६५ मध्ये न्यूयॉर्कच्या ज्यू संग्रहालयाने नाझींनी मारलेल्या साठ लाख ज्यूंच्या स्मरणार्थ एक कलाकृती करायला तिला सांगितले. त्याआधी तिने डॅलसच्या (१९५७) आणि वूनसॉकेटच्या (१९६२) ज्यू प्रार्थनामंदिरांसाठी कापडी फलक केले होते, पण ती वास्तूची कामे होती. या वेळचे काम 'सिक्स प्रेअर्स', सहा प्रार्थना. तिची तारीख १९६५-६६ अशी दिली जाते. ज्या वर्षी पेरूच्या विणकरांना पुस्तक अर्पण झाले त्याच वर्षी हे काम हाती आले. या दोन गोष्टी एकत्र ठेवून पाहिल्या पाहिजेत असे मला वाटते. अर्पणपत्रिकेचा अर्थ पुस्तकापेक्षा या कापडात अधिक सापडतो.

सहा अरुंद पट्ट्या. प्रत्येक सुमारे सहा फूट उंच, दीड फूट रुंद. साधारण एका माणसाच्या उंचीची. सूत, लिनन, झाडाच्या सालीचा तंतू आणि चंदेरी धागा. रंग काळा, पांढरा, मातकट. प्रत्येक पट्टीत या रंगांचे प्रमाण वेगळे, म्हणून एक उजळ वाटते, दुसरी राखेसारखी. आणि सगळ्यांवर एक बारीक रेघ फिरते: थोडी आडवी जाते, वळते, थांबते, खाली उतरते, पुन्हा सुरू होते. लांबून ओळी वाटतात. जवळ गेले की अक्षर एकही नाही.

मी हे काम मोठ्या छायाचित्रांवरूनच अभ्यासले आहे. त्यातले एक घेऊन येवल्याला गेलो. कोणाचे, कुठले, काही न सांगता नानांपुढे ठेवले. त्यांनी चष्मा लावला.

"ही रेघ खालच्या कापडातली नाही," ते म्हणाले. "खालचं कापड हिच्याशिवाय पुरं आहे. हा जादा दोरा आहे. वरनं सोडलेला."

"पैठणीतल्या मोरासारखा?"

"छ्या. पैठणीतला मोर काढून घेतला तर भोक पडंल. तिथं मोर म्हणजेच कापड. हे ढाक्याच्या जामदानीसारखं. बुट्टी काढली तरी कापड राहतं."

मग थोड्या वेळाने: "काय लिहिलंय?"

"काही नाही, नाना. वाचता येत नाही ते."

"कुणालाच?"

"कुणालाच."

त्यांनी पुन्हा पाहिले. "मेलेल्यांचं आहे का?"

कशावरून विचारले, ते त्यांना सांगता आले नाही. मी पुढे दोनदा विचारले, त्यांनी विषय बदलला. त्यामुळे त्यावर मी काही इमारत उभी करत नाही. पण जादा दोऱ्याविषयीचे त्यांचे म्हणणे ही या कामाची किल्ली आहे, आणि इंग्रजीत मी जे वाचले त्यात ती तंत्राच्या एका वाक्यात येऊन जाते. खालचे कापड पुरे आहे. रेघ त्याच्यावर आली आहे, त्यात मिसळली आहे, पण ती त्याची गरज नव्हती. 'ज्यू' ही ओळख अ‍ॅनी आल्बर्सच्या आयुष्यात नेमकी अशी आली. आयुष्य तिच्याशिवाय पुरे होते. ती वरून टाकली गेली, आणि एकदा आत गेल्यावर ती रेघ सोडून तिचे चित्र काढता येईना. पैठणीच्या पद्धतीने, म्हणजे जमीन आणि आकृती एकच अशा विणीने, ही गोष्ट सांगता आली नसती. ती विणली असती एखाद्या श्रद्धाळू घरातल्या विणकराने, ज्याचे ज्यूपण हेच त्याचे कापड आहे. आल्बर्स तसे ढोंग करत नाही. तिला हिब्रू प्रार्थना विणता आली असती. तिने अक्षर टाळले.

का टाळले याचे माझे उत्तर पेरूकडे जाते. छापखान्याच्या घराण्यातली ही मुलगी. ब्लॅक माउंटनमध्ये ती टंकलेखन यंत्रावर एकच अक्षर किंवा चिन्ह पुन्हा पुन्हा उमटवून कापडाच्या पोताचा भास तयार करायला लावी. अक्षरातला अर्थ काढून टाकायचा आणि नुसता पोत ठेवायचा. अर्थ असलेली अक्षरे तिच्या घराण्याची होती, ती लुटली गेली. साठ लाख मृत्यूंविषयी शब्दांत काय म्हणायचे हा प्रश्न तर त्या काळातल्या प्रत्येक लेखकापुढे होताच. अक्षरांवाचून स्मरण ठेवता येते, सहा फुटांचे एक वस्त्र एका माणसाच्या जागी उभे राहू शकते, प्रेताभोवती गुंडाळलेले कापड दोन हजार वर्षे बोलू शकते, हे तिला तिच्या जन्माच्या कोणत्याही परंपरेने सांगितले नव्हते. ते पाराकासच्या गाठोड्यांनी आणि खिपूंनी शिकवले. स्वतःच्या मृतांचा शोक करायला तिला दुसऱ्यांच्या मृतांची भाषा लागली.

इथे माझा पहिला संशय गळून पडला. हे उसने घेतलेले अलंकरण नाही. ज्याच्याकडून घेतले त्याच्या कामाचा गाभा कळल्याशिवाय असे काही विणता येत नाही. सहा पट्ट्यांत एकही अँडियन नक्षी नाही. ना पायऱ्या, ना पक्षी. दागिन्यांतला कित्ता इथे परिपक्व झालेला आहे. वारसा रक्ताने येतो असे मानणाऱ्यांना हे काम अडचणीचे ठरेल. आणि तो ज्याचा त्याने सांभाळावा, इतरांनी हात लावू नये, असे म्हणणाऱ्यांनाही.

०

तरी हिशेब इथे मिटत नाही.

अर्पणपत्रिकेत 'प्राचीन' असा शब्द आहे. जणू पेरूचे विणकर संपले. ते संपले नव्हते. त्यांना संपवायचा प्रयत्न मात्र झाला होता. लिमा येथे १५८३ मध्ये भरलेल्या चर्चच्या तिसऱ्या परिषदेने खिपू मूर्तिपूजेची साधने ठरवून ती नष्ट करायला सांगितले. दोनशे वर्षांनी तुपाक आमारू दुसरा याने स्पॅनिश सत्तेविरुद्ध बंड केले. १७८१ मध्ये कुस्कोच्या चौकात त्याला हाल करून मारले, आणि त्याच निवाड्यात आरेचे या अधिकाऱ्याने इंका पद्धतीची वस्त्रे घालण्यावर बंदी आणली. क्वेचुआ भाषेवरही रोख होता. सरकार एखाद्या पोशाखावर बंदी आणते तेव्हा त्या पोशाखातले लोक जिवंत असतात आणि त्याचा अर्थ त्यांना कळत असतो. पाराकास खणणारे तेयो स्वतः वारोचिरीच्या डोंगरातले, क्वेचुआ बोलणाऱ्या समाजातले होते. आल्बर्स दक्षिण अमेरिकेत हिंडत होती तेव्हा कुस्कोजवळच्या चिंचेरो गावात बायका कमरेच्या मागावर बसलेल्या होत्या. नक्षीला त्या 'पाय्याय' म्हणतात, म्हणजे वेचणे. धागे वेचून उचलायचे ते. १९९६ मध्ये त्याच गावच्या निल्दा काय्यान्याउपा यांनी इतरांसह कुस्कोत पारंपरिक विणकामाचे केंद्र काढले. तिथे आज म्हाताऱ्या बायका मुलींना शिकवतात आणि विकल्या जाणाऱ्या कापडाबरोबर विणणारीचे नाव जाते.

बाउहाउसने आल्बर्सला दिलेला हा दोष असावा: तिला रूप आणि बांधणी दिसते, विणणारा बसला आहे ती जागा दिसत नाही. 'ऑन वीव्हिंग'मध्ये कमरेच्या मागाचे वर्णन इतके बारीक आहे की वाचून तो बांधता यावा, पण त्यावर कोण बसायचे, कोणाच्या हुकमाने, हे नाही. अक्ल्या नाहीत. वेठ नाही. स्वतःला मागावर ढकलले गेले होते हे जिला आयुष्यभर आठवत होते, तिने आपल्या गुरूंना कोणी ढकलले हे विचारू नये, याचे मला आश्चर्य वाटते. कदाचित विचारले असते तर 'गुरू' म्हणणे कठीण झाले असते. गुरू म्हटले की समोरचा आपोआप उंच होतो, आणि उंचावरच्या माणसाची मजुरी कोणी विचारत नाही. आपल्याकडे कारागिराला 'विश्वकर्म्याचे वंशज' म्हणतात, त्यातलाच हा प्रकार.

एकलव्याची गोष्ट इथे उलटी घडली आहे. द्रोणाने न शिकवता एकलव्य शिकला आणि वर अंगठा दिला. इथेही गुरूने प्रत्यक्ष काहीच शिकवले नाही. पण अंगठा गुरूचा आधीच कापलेला होता, आणि धनुष्य, नाव, संग्रहालय सगळे शिष्येकडे. १९४९ मध्ये न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयाने एखाद्या विणकराचे पहिलेच स्वतंत्र प्रदर्शन भरवले, ते तिचे. २०१८ मध्ये लंडनच्या टेट मॉडर्नमध्ये मोठे प्रदर्शन झाले. तिने हे सगळे लायकीने मिळवले, बाई म्हणून जास्तीची झुंज देऊन मिळवले. पण कोणत्याही प्राचीन पेरूच्या विणकराचे नाव आपल्याला माहीत नाही, आणि पैठणीच्या काठावरही ते नसते. नानांनी विणलेल्या लुगड्यांपैकी एक मी एका दुकानात पाहिले होते, काठावरून ओळखले. चिठ्ठीवर दुकानाचे नाव होते.

आल्बर्सच्या बाजूने एवढे म्हटले पाहिजे की तिने ऋण लपवले नाही. १९६५ मध्ये, जेव्हा हातमागाला कलेच्या पंगतीत बसवण्यासाठी तिची स्वतःचीच झुंज चालू होती, तेव्हा बाउहाउसचे नाव पुढे करणे फायद्याचे होते. तिने ते केले नाही. तिच्या पिढीतल्या किती जणांनी आपल्या पहिल्या पानावर असे काही लिहिले? मुखवटे घेणाऱ्यांपैकी कोणीही नाही. ब्लॅक माउंटनसाठी जमवलेली जुनी कापडे आज येल विद्यापीठाच्या संग्रहात आहेत. तीही तिने स्वतःच्या कामाची पार्श्वभूमी म्हणून नव्हे, विद्यार्थ्यांना हात लावून पाहता यावीत म्हणून जमवली होती. तुकड्यालाही शिक्षक मानायचे हा तिचा भाव खरा होता. अपुरा होता, पण खरा.

सहा प्रार्थनांनंतर तिचे मोठे विणकाम जवळजवळ थांबले. छपाईच्या चित्रांकडे ती १९६३ पासूनच वळली होती, आणि १९७० च्या आसपास तिने माग देऊन टाकले. छापखान्याच्या घराण्यातली मुलगी शेवटी कागदाकडे गेली. १९९४ मध्ये ती वारली.

माझ्या प्रतीतल्या अर्पणपत्रिकेतला 'प्राचीन' हा शब्द मी पेन्सिलीने खोडला आहे. बाकीचे वाक्य आहे तसे ठेवले.